हा आपटा नव्हे

आमच्या दाजींइतका झाडाकडं संशयानं बघणारा माणूस उभ्या सातारा-सांगलीत झाला नाही आणि पुढं होईल असंही मला वाटत नाही. लोक चोराकडं संशयानं बघतात, फार तर नव्या जावयाकडं बघतात. दाजी गुलमोहराकडं बघायचे. हात पाठीमागं बांधून, मान तिरकी करून, आधी बुंध्यापासून शेंड्यापर्यंत आणि मग शेंड्यापासून बुंध्यापर्यंत. तेवढ्यानं समाधान झालं नाही तर काठीनं बुंध्यावर दोन टोले हाणायचे आणि कान लावून ऐकायचे. काय ऐकू यायचं देव जाणे! पण मागं सरून गंभीरपणे म्हणायचे, "पावनं, आतनं पोकळ वाटतंय."

पावनं म्हणजे मी. दाजी हे माझ्या थोरल्या बहिणीचे, आक्काचे, यजमान. पलटणीत अठरा वर्षं काढून हवालदार म्हणून पेन्शनीत निघाले तेव्हा लढाई अजून चालूच होती. पण त्यांच्या डाव्या गुडघ्यानं लढाई संपल्याचं जाहीर करून टाकलं होतं. माधवनगरच्या एका कापडगिरणीच्या फाटकावर त्यांना जमादाराची जागा मिळाली आणि सांगलीत तीन खोल्यांचं घर घेऊन दोघं राहू लागली. मी सांगलीतच एका शाळेत मास्तर होतो, अविवाहित होतो आणि रोज संध्याकाळी आक्काच्या हातचं जेवायला जात होतो. त्यामुळं दाजींच्या तावडीतून सुटायची मला काही सोय नव्हती.

पलटण सुटली तरी कवायत सुटली नव्हती. घरात आलेल्या माणसाच्या चपला उंबऱ्याबाहेर एका रेषेत लागल्या नाहीत तर गप्पा सुरू व्हायच्या नाहीत. भाकऱ्यांच्या चवडीत एखादी भाकरी वाकडी दिसली की "ही लायनीत का न्हाई?" म्हणून विचारणा व्हायची. एकदा आमचे हेडमास्तर माझ्याबरोबर सहज आले, तर दाजींनी त्यांना दारातच थांबवून कोटाचं मधलं बटण लावायला लावलं. हेडमास्तरांनी निमूट लावलं. शाळेत साऱ्या मास्तरांना थरथर कापायला लावणारा तो माणूस. पुढं आठवडाभर माझ्याशी फार अदबीनं वागला.

पण हे सगळं वरवरचं. आत एकच काटा होता, आणि तो झाडाचा होता. लढाईवरून दाजींची पत्रं यायची ती आक्काला वाचता येत नसत म्हणून मी वाचून दाखवायचो. वाचायचो कसलं! सेन्सॉर नावाच्या कुणा अदृश्य गृहस्थानं सगळं पत्र काळं करून टाकलेलं असायचं. 'मी खुशाल आहे' एवढं वर आणि खाली एक ओळ: 'आल्यावर दारात फुलांचं झाड लावीन.' चार वर्षांत आक्काला नवऱ्याकडून एवढंच एक वाक्य मिळालं, पण ते प्रत्येक पत्रात मिळालं. ती म्हणायची, "झाडाचं राहू दे गं बाई, मानूस येऊ दे." माणूस आला. आणि सांगलीच्या घरात राहायला आल्याच्या दुसऱ्या दिवशी दाजींनी अंगणात खुंटी ठोकली. "हितं," म्हणाले.

खुंटी ठोकली ती बरोब्बर आक्काच्या उन्हात. घरापुढं सकाळपासून दिवस कलेपर्यंत ऊन पडणारा तेवढाच एक तुकडा, आणि तिथं आक्काचे पापड, सांडगे, कुरडया, तिखटाच्या मिरच्या असा सगळा संसार वाळायचा. आक्का पदर खोचून बाहेर आली. "आवं, झाड लावा. फुलांचं लावा, फळांचं लावा. पण माझं ऊन न्यायचं न्हाई." दाजींनी खुंटीकडं बघितलं, उन्हाकडं बघितलं आणि म्हणाले, "मंजूर." तिथून पुढं पाऊण वर्ष आम्ही दोघं सांगली-सातारा पालथं घालत होतो. फुलेल पण सावली देणार नाही, असं झाड हवं होतं!

गुलमोहर पहिल्या फेरीतच बाद झाला. त्याची छत्री फार मोठी. बहावा दिसायला राजबिंडा, पण ऐन वैशाखात फुलं गाळतो आणि ती कुरडयांत पडणार. पांगाऱ्याच्या फुलांवर साळुंक्या येतात आणि साळुंक्या काय फुलांवरच थांबणार? पापडांवर उतरणार. पारिजातकाला तर दाजींनी उभंच केलं नाही. "त्ये झाड एकीच्या दारात आनि फुलं दुसरीच्या. पुरानात झाल्यालं भांडन आपल्या गल्लीत कशाला?" राहता राहिला सोनचाफा. दाजींना तो मनापासून आवडला होता; पण तिथं भलतीच अडचण आली.

ती सांगण्यासारखी आहे. दाजींचं नाव मी इथं सांगत नाही, पण त्याची सुरुवात सोन्यापासून होत होती. आता नवऱ्याचं नाव बाईनं घ्यायचं नाही, हे सगळ्याच घरांत होतं. आमच्या आक्कानं ते पार टोकाला नेलं होतं. लग्न झाल्या दिवसापासून तिनं 'सोनं' हा शब्दच टाकला होता. सोनाराला ती 'दागिनंवाला' म्हणायची. डोरल्यातल्या मण्यांना 'पिवळं'. दसऱ्याला सारं जग "सोनं घ्या, सोन्यासारखं राहा" म्हणत हिंडायचं तेव्हा आमची आक्का आपट्याचं पान हातात देऊन म्हणायची, "घ्या, पान घ्या. बरं राहा." ऐकणाऱ्याला ते दसऱ्यापेक्षा औषध दिल्यासारखं वाटायचं. तेव्हा सोनचाफ्याचं नाव काढताच ती म्हणाली, "आनि मी त्याला हाक काय मारू? रोज पानी घालताना मुकी राहू व्हय?" सोनचाफा गेला.

मग कुणी सांगेल तिथं आम्ही जाऊ लागलो. त्या लढाईच्या दिवसांत सर्व्हिस मोटारी कोळशाच्या गॅसवर चालायच्या. चढ आला की उतारू खाली उतरायचे आणि मोटार रिकामी वर जायची. फलटणला एका गृहस्थांच्या परसात जांभळ्या फुलांचं झाड आहे असं कळलं म्हणून असेच धुरानं काळे होऊन पोचलो. दाजींनी दारातच सांगितलं, "तुमच्याकडं बघन्यासारखं हाय असं आइकलं, म्हनून आलो." गृहस्थांनी आम्हाला लगबगीनं आत घेतलं, बसायला सतरंजी टाकली आणि ते माझ्याकडंच टक लावून बघू लागले. पोहे आले. पोहे घेऊन मान खाली घातलेली एक मुलगी आली. मला घाम फुटला. दाजींचं लक्ष खिडकीतून परसाकडं. "मूळ कुठलं?" त्यांनी विचारलं. "मूळ कऱ्हाडचं," गृहस्थ म्हणाले. "कीड-बीड काय?" गृहस्थ दचकले. "छे हो! घराण्यात कुणाला काही नाही." "फांद्या छाटल्या तर चालंल?" दाजींनी विचारलं, आणि मग मात्र मी घाईनं उठून खुलासा केला. ते झाड दाजींना पसंत पडलं नाही. मुलगी मला पडली. पुढं तीस वर्षं तिच्या माहेरचे लोक मला 'फांद्यावाले जावई' म्हणत.

शेवटी झाड सापडलं ते साताऱ्यात, किल्ल्याच्या पायथ्याशी एका लहानशा देवळात. गुरव अंगण झाडत होता. दाजींनी सवयीनं बुंध्यावर टोला हाणला. गुरव म्हणाला, "आवं मारताय कशाला? कांचन हाय. होळीच्या सुमाराला पानं टाकतंय, उन्हाळाभर उघडं असतंय, पावसात अंग धरतंय आनि दसरा झाला की दिवाळीपातुर फुलतंय." दाजी एकदम ताठ उभे राहिले. उन्हाळ्यात उघडं! पापडांना ऊन, दिवाळीला फुलं! माझ्या डोळ्यांदेखत त्यांनी त्या झाडाला कडक सलाम ठोकला. गुरवाला वाटलं देवाला केला. त्यानं अंगारा दिला.

रोप आलं, पावसाळ्याच्या तोंडाला लागलं. आक्कानं पाण्याचा पहिला तांब्या ओतला आणि मला विचारलं, "नाव काय रं ह्याचं?"

"कांचन."

"म्हंजी काय?"

"कांचन म्हणजे सोनंच, आक्का. तोच अर्थ."

आक्का तांब्या तसाच धरून थांबली. "आनि ह्ये मला म्हनता येतंय?"

"येतं की. हा शब्द वेगळा."

ती हळूच म्हणाली, "कांचन." मग जरा मोठ्यानं, "कांचन." आणि मग पदर तोंडाला लावून हसत आत पळाली. दाजी खुरपं घेऊन खाली वाकले होते. मान वर करायला तयार नाहीत. त्यांचे कान मात्र लालभडक झालेले मी पाहिले. अठरा वर्षांच्या नोकरीत कुठल्या शिपायानं त्यांना असं पाहिलं असेल असं वाटत नाही.

झाड वाढलं, आणि दाजींच्या शिस्तीतच वाढलं. रोज सकाळी त्याच्यापुढं उभं राहून ते कालच्या रात्रीचा रिपोर्ट घेत. तिसऱ्या वर्षी भाद्रपदात फांद्यांच्या टोकाला बारीक कळ्या दिसू लागल्या आणि दाजींचं जेवण कमी झालं. "पावनं, दिवाळीला तुमची आक्का बगंल." दिवसातून चारदा हेच. आक्काला मुद्दाम तिकडं बघू देत नव्हते. एकदम फुललेलं दाखवायचं होतं.

दसऱ्याला सकाळी दाजी गिरणीत यंत्रांच्या पूजेला गेले. दुपारी मी आणि ते एकदमच घरी पोचलो. फाटकातच त्यांच्या हातातला प्रसादाचा नारळ खाली पडला. झाडावर पान नव्हतं. पान नव्हतं, कळी नव्हती, कोवळ्या डहाळ्यासुद्धा नव्हत्या. सोललेल्या माणसासारखं ते उन्हात उभं होतं.

"कोन आलंतं?" दाजी ओरडले. "टोळधाड?"

आक्का पुरणाच्या हातानं बाहेर आली आणि तिचा चेहरा खर्रकन उतरला. "आवं, गल्लीतली मानसं आली. दोन-दोन पानं घेऊ का म्हनाली. सनासुदीचं न्हाई कसं म्हनू? मी आपली चुलीपाशी."

गल्लीत चाळीस घरं. आणि दोन पानांचा हिशेब कुणी ठेवतो का? मी झाडाखाली पडलेलं एक पान उचललं आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कांचनाचं पान आपट्यासारखंच, मधोमध चिरलेलं, फक्त मोठं. सगळ्या गल्लीनं कांचनाला आपटा समजून लुटलं होतं!

खरी मजा संध्याकाळी. सीमोल्लंघन करून गल्ली घरोघर सोनं वाटायला निघाली आणि हवालदारांच्या झाडाचं सोनं, म्हणून पहिल्यांदा हवालदारांच्याच दारात आली. एरवी चपला लायनीत लावायच्या भीतीनं त्या दाराकडं कुणी फिरकत नसे. दसऱ्याला सोनं नाकारता येत नाही आणि रागावताही येत नाही. दाजी दारात खांबासारखे उभे. एकेक जण येई, त्यांच्याच झाडाचं पान त्यांच्या हातात देई, पाया पडे किंवा मिठी मारी आणि म्हणे, "हवालदार, सोनं घ्या." दाजी दात आवळून म्हणत, "घेतलं. माझंच हाय. घेतलं." रांग संपेपर्यंत त्यांच्या पायाशी पानांचा ढीग झाला.

शेवटी समोरच्या घरातली मथुरामावशी आली तिला त्यांनी अडवलंच. "मावशी, ह्यो आपटा हाय म्हनून कुनी सांगितलं?"

"कुनी म्हंजी? वैनींनीच की."

आक्का चमकली. "मी? मी कांचन म्हनलं!"

"आता वैनी, तुमी कवा त्यो शबूद तोंडातनं काढता व्हय?" मावशी समजूतदारपणे म्हणाली. "तुमी कांचनाचं झाड म्हनला, आमी वळिखलं. आमाला काय कळत न्हाई व्हय, नवऱ्याचं नाव येतंय म्हनून तुमी असं म्हनताय!"

दाजींनी कधी नव्हे ते कपाळाला हात लावला. आक्कानं आयुष्यात पहिल्यांदा एका वस्तूला तिच्या खऱ्या नावानं हाक मारली होती आणि नेमकं त्याच वेळी गल्लीनं तिचा मान राखला होता. यात कोर्टमार्शल करणार कुणाचं?

पुढच्या वर्षी त्यांनी फळी रंगवून घेतली. पांढऱ्यावर काळी ठसठशीत अक्षरं: 'हा आपटा नव्हे'. ज्येष्ठात ती बुंध्याला टांगली आणि रोज आल्या-गेल्याला वाचायला लावली. पण लावली ज्येष्ठात आणि दसरा येतो आश्विनात. मधल्या पावसात झाडाला एक नवी डहाळी फुटली, ती आडवी वाढली आणि तिच्या दोन भल्यामोठ्या पानांनी शेवटचा शब्द झाकून टाकला. दसऱ्याच्या आधी पंधरा दिवस दाजी तापानं अंथरुणात, त्यामुळं ते त्यांच्या नजरेला पडलं नाही. गल्ली तर आलीच, पण पाठीमागच्या आळीतले अनोळखी लोकही आले. "पाटीच लावलीय की, हा आपटा म्हनून. लय उदार मानूस!" संध्याकाळी तेही सोनं द्यायला आले. तापल्या अंगानं दाजी उठून बसले आणि सगळं घेतलं.

त्याच्या पुढच्या वर्षी मात्र त्यांनी हुशारी केली. दसऱ्याच्या दोन दिवस आधी आम्ही साताऱ्याच्या डोंगराला गेलो आणि खऱ्या आपट्याची दोन पोती भरून आणली. तो गुडघा घेऊन चढ कसा चढले त्यांचं त्यांना ठाऊक. एकदा बसले ते मला वाटलं आता उठत नाहीत. मी म्हटलं, "दाजी, बाजारात मिळतो हो आपटा." ते म्हणाले, "मिळंल. पन चार वर्सं मी तिला येकच वळ लिवली, पावनं. ती तरी खरी व्हऊ दे." मी हात देऊन त्यांना उठवलं. दसऱ्याला ते पहाटेपासून पोतं घेऊन फाटकात बसले आणि येईल त्याच्या ओंजळीत आपटा घातला. "ह्यो खरा. त्याला हात लावायचा न्हाई." गल्लीनं मुकाट्यानं घेतला.

आणि झाड फुललं! दिवाळीच्या आधी आठ दिवस, एका सकाळी, गुलाबी-जांभळ्या फुलांनी फांदीन् फांदी भरून गेली. दाजींनी आक्काला हाताला धरून बाहेर आणलं. दिवसाढवळ्या, सगळ्या गल्लीदेखत. आक्का बराच वेळ बघत राहिली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते ती पुसतही नव्हती. मग ती म्हणाली, "लय ग्वाड दिसतंय वो." आणि थोड्या वेळानं म्हणाली, "पन औंदा दसऱ्याला दारात मानसंच आली न्हाईत."

खरंच होतं. ज्यांना फाटकात पोत्यातून पानं मिळाली ती माणसं संध्याकाळी तिकडं फिरकलीच नव्हती. लेकरूबाळ नसलेलं ते घर. मागच्या दोन दसऱ्यांना भरलं होतं ते रिकामं राहिलं होतं.

दाजींनी पाऊण वर्ष विचार केला. त्यांना तेवढा लागायचाच. पुढच्या दसऱ्याला सकाळीच ते फाटकात उभे राहिले आणि गल्लीला हुकूम सोडला: "हात पोचंल तितंपातुर तुमचं. शिडी लावायची न्हाई, फांदी वाकवायची न्हाई. वरचं हिचं." तेव्हापासून ते झाड तसंच दिसत आलं. माणसाचा हात पोचेल तिथवर उघडंबोडकं आणि त्याच्या वर दिवाळीला फुलांचा भारा. दारात चपलांचा ढीग पडायचा, लायन-बियन काही नाही, आणि दाजी काही बोलायचे नाहीत. आक्का प्रत्येकाच्या हातात पान द्यायची आणि ठसक्यात म्हणायची, "कांचन घ्या, कांचनासारखं राहा." हळूहळू तिच्या मानाखातर सारी गल्लीच तसं म्हणू लागली. दसऱ्याला कांचन वाटणारी गल्ली साऱ्या मुलखात तेवढी एकच असेल.

पुढं बऱ्याच वर्षांनी दाजी गेले. पहिल्या वर्षी घरात सण नव्हता. दुसऱ्या वर्षी दसऱ्याला मी गेलो तेव्हा दिवस कलला होता, गल्ली येऊन गेली होती, दारात पानं विखुरली होती. घरात आक्का नव्हती. ती झाडाखाली होती, माझ्याकडं पाठ करून. एक हात बुंध्यावर, दुसऱ्या हातात एक पान. ती काहीतरी बोलत होती. मला वाटलं नेहमीसारखं कांचन म्हणतेय. पण नाही. तिनं आधी तो टाकलेला शब्द उच्चारला, सोनं. मग जरा थांबून पुढची अक्षरंही जोडली, आणि दाजींचं अख्खं नाव, स्पष्ट, झाडाला हाक मारावी तसं घेतलं.

माझ्या पायाखाली पान वाजलं. ती वळली आणि नव्या नवरीसारखी गोंधळली.

"आइकलंस व्हय रं?"

"नाही," मी साफ खोटं बोललो. "काय म्हणत होतीस?"

"काय न्हाई," असं म्हणून तिनं हातातलं पान माझ्या हातात ठेवलं. "घे, कांचन घे. कांचनासारखा राहा."

मी घेतलं आणि तिच्या पाया पडलो.